अझरबैजानमध्ये चहा कसा प्यायचा आणि जेवण कसं मागवायचं

बाकूला आलेले पाहुणे जेवताना बहुतेक वेळा क्रमात चुकतात. सुरुवातीच्या बशांनीच पोट भरतं आणि प्लोव, म्हणजे इथला पुलाव, समोर येतो तेव्हा दोन घासही जात नाहीत. पीतीचं, म्हणजे मटण-चण्यांच्या रश्श्याचं, मडकं एका झटक्यात ताटात उपडं होतं. चहाबरोबर आलेला मुरांबा चहात ढवळला जातो. असं केलं म्हणून कोणी रागावत नाही, पाहुण्याला इथे सगळं माफ असतं. पण कशाच्या आधी काय आणि कशाबरोबर काय हे इथे पिढ्यान्‌पिढ्या घासून ठरलेलं आहे, आणि ते पाळलं की तोच पदार्थ वेगळा लागतो. म्हणून ही माहिती पदार्थांच्या यादीपेक्षा रीतीवर जास्त भर देऊन लिहिली आहे.

आधी मेनूकार्ड वाचण्याची तयारी. अझरबैजानी भाषा लॅटिन लिपीत लिहितात, पण चार अक्षरं घोटाळा करतात. 'क्यू' दिसला की 'ग' म्हणायचं, 'सी' म्हणजे 'ज', 'एक्स' म्हणजे 'ख', आणि उलटा छापल्यासारखा दिसणारा 'ई' म्हणजे आपला 'ॲ'. हा 'ॲ' मराठी तोंडात आधीपासूनच बसलेला असल्याने उच्चार सहज जमतात आणि समोरच्याला पटकन कळतात.

चहा: आधी, मध्ये आणि शेवटी

घरी गेलात तर पहिल्यांदा चहा येतो, जेवणानंतर चहा येतो, आणि गप्पा लांबल्या तर मधेही येतो. 2022 मध्ये युनेस्कोने अझरबैजान आणि तुर्किये या दोन देशांची चहासंस्कृती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. चहाचे मळे देशाच्या दक्षिणेला, लॅनकॅरान आणि आस्ताराच्या दमट पट्ट्यात आहेत. लागवडीची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. पिण्याची रीत मात्र देशभर सारखीच आहे: काळा चहा, दुधाशिवाय, खूप गरम, छोट्या पेल्यात, पुन्हा पुन्हा.

पेल्याचं नाव आरमुदू. नासपतीच्या आकाराचा, कमरेत बारीक, साधारण 100 मिलिलिटरचा काचेचा पेला. कमरेच्या अरुंदपणामुळे वरचा चहा ओठांना सोसेल इतका निवतो आणि तळाचा गरम राहतो, त्यामुळे शेवटचा घोटही कोमट लागत नाही. कान नसतो, म्हणून पेला धरायचा तो वरच्या काठाजवळ, अंगठा आणि दोन बोटांनी. कमरेखालच्या फुगीर भागाला हात लावला तर चटका बसणार. चहा कधीही काठोकाठ भरत नाहीत. वर बोटभर जागा सोडतात, तिला 'दोदाग येरी', म्हणजे ओठांची जागा म्हणतात. तुम्हाला पेला अर्धवट भरलेला वाटला तरी तो पूर्ण भरलेलाच असतो. खाली छोटी बशी असते, नॅलबॅकी. चहा फारच गरम असेल तर वयस्कर मंडळी बशीत ओतून पितात. तुम्हीही पिऊ शकता, पण उंची रेस्टॉरंटपेक्षा घरात किंवा गावच्या चायखान्यात ते जास्त शोभतं.

साखर चहात घालून ढवळत नाहीत. खडीसाखरेसारखे टणक, तोडलेले साखरेचे खडे येतात. खड्याचं टोक चहात क्षणभर बुडवायचं, तेवढा भाग दातांनी तोडायचा, तो तोंडात ठेवायचा आणि त्यावरून बिनसाखरेचा चहा घोटाघोटाने प्यायचा. खडा जास्त वेळ बुडवला तर तो विरघळून पेल्यात पडतो. सुपरमार्केटातल्या मऊ चौकोनी साखरेचं हेच होतं, म्हणून शक्य असेल तिथे टणक खडाच निवडा. याला अपवाद सकाळचा. न्याहारीला चहात साखर ढवळून गोड चहा पितात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मागणी घालायला आलेल्यांच्या बाबतीतही गोड चहाला अर्थ आहे: मुलीकडच्यांनी गोड चहा दिला तर होकार समजायचा.

मुरांब्याला इथे मुरॅब्बॅ म्हणतात आणि तो चहाबरोबर असतो, चहात नव्हे. छोट्या चमच्याने एखादं फळ आणि थोडा पाक घ्यायचा, तोंडात घोळवायचा, वर चहा. फळं अख्खी ठेवलेली असतात. पांढऱ्या चेरीच्या मुरांब्यात बी काढून तिथे अक्रोडाचा किंवा बदामाचा तुकडा भरलेला आढळतो. कोवळ्या हिरव्या अक्रोडांचा मुरांबा दिसायला कोळशासारखा काळा असतो. अक्रोड अख्खेच असतात, चुन्याच्या निवळीत ठेवून ते घट्ट करतात आणि कडवटपणा जाईपर्यंत दिवसचे दिवस पाणी बदलतात. दोन-तीनच प्रकार चाखायचे असतील तर हे दोन नक्की घ्या, तिसरा अंजिराचा. कलिंगडाच्या सालीचाही असतो, पण त्याला गोडाखेरीज फारशी चव नसते.

चायखान्यात बिल फुगतं ते कशाने

चायखान्यात पेल्याऐवजी 'चायनिक', म्हणजे किटली मागवायची. दोघा-तिघांना एक पुरते. किटली स्वस्त असते. पण तिच्याबरोबर मुरांब्यांच्या वाट्या, लिंबू, सुका मेवा, चॉकलेटं, फळं असा थाट टेबलावर मांडला जातो. याला 'चाय दॅस्ती' म्हणतात आणि त्याची किंमत किटलीच्या कितीतरी पट असते. बाकूच्या समुद्रकिनाऱ्याच्या बुलवारवर आणि जुन्या शहरात, इचॅरिशॅहॅरमध्ये, हे हमखास होतं. यात फसवणूक नाही. स्थानिक माणूस तो थाट मागवून दोन तास बसतो आणि त्याला तो परवडतो, कारण पाच-सहा जण मिळून बसलेले असतात. तुम्हाला फक्त चहा हवा असेल तर मागवतानाच सांगा: 'यालनिझ चाय, झॅहमॅत ओल्मासा', म्हणजे फक्त चहा, कृपया. एखादाच मुरांबा हवा असेल तर त्याचं नाव घेऊन मागवा आणि किंमत आधी विचारा.

हेच जेवणाच्या टेबलालाही लागू आहे. काही ठिकाणी वेटर मोठ्या ट्रेमध्ये लोणची, चीज, ऑलिव्ह, सॅलड घेऊन येतो आणि एकेक बशी टेबलावर ठेवू लागतो. ज्या बशीला तुम्ही 'नको' म्हणत नाही ती बिलात येते. हाताने थांबवून 'इस्तॅमिरॅम' म्हटलं की तो हसून परत नेतो. बिलात बऱ्याच वेळा 10 टक्क्यांच्या आसपास सेवा आकार आधीच धरलेला असतो. तो दिसला तर वेगळी टिप देण्याची गरज नाही. चलन मानात. बाजारात, गावच्या चायखान्यात, रस्त्याकडेच्या तंदूरवर रोख लागते, तीही 1, 5 आणि 10 मानातच्या नोटांत.

गावाकडचे आणि जुन्या मोहल्ल्यांतले चायखाने म्हणजे पुरुषांचे अड्डे. नार्दच्या पटावर सोंगट्या आपटत बसलेली मंडळी, मध्ये चहा. बायकांना मनाई नाही, पण एकट्या बाईकडे सगळे वळून बघतात. कुटुंबांसाठी बाग असलेले चायखाने जवळपास सगळ्या शहरांत आहेत, तिथे हा प्रश्न येत नाही.

न्याहारी

न्याहारीत फार विचार करावा लागत नाही. तंदूरची गरम रोटी, लोणी, मध, काकडी-टोमॅटो, आणि गायमाग, म्हणजे जाड साय. मेंढीच्या कातडीत मुरवलेलं मोताल चीज खारट आणि उग्र असतं. ते नुसतं खाऊ नका, रोटीत लोण्याबरोबर गुंडाळा. अंड्यांमध्ये 'पोमिदोर युमुर्ता' मागवा. टोमॅटो तुपा-लोण्यात आटवून त्यावर अंडी फोडलेली असतात आणि तव्यासकट टेबलावर येतात. पाणी आटलेलं नसेल तर हा पदार्थ पाणचट लागतो. चांगल्या ठिकाणी टोमॅटो जवळजवळ चटणीसारखा घट्ट झालेला असतो.

रोटीबद्दल एक गोष्ट मनापासून पाळा. इथे तिला फार मान आहे. तुकडा खाली पडला तर उचलून कडेला, उंचावर ठेवतात. उरलेली रोटी कचऱ्यात न टाकता वेगळ्या पिशवीत घालून इमारतीबाहेर अडकवलेली दिसेल. ताटात रोटीचे कुस्करलेले ढीग सोडून उठणं चांगलं दिसत नाही, म्हणून लागेल तेवढीच तोडा.

पीती: दोन टप्प्यांत

पीती सगळीकडे मिळते, पण ती खावी शेकीत. शेकी हे कॉकेशसच्या पायथ्याचं जुनं व्यापारी गाव, खानाच्या राजवाड्यासाठी प्रसिद्ध. त्याचा जुना भाग 2019 पासून जागतिक वारसा यादीत आहे. पीती एकेका माणसासाठी वेगळ्या मातीच्या मडक्यात मंद आचेवर कित्येक तास शिजते. आत मटण, रात्रभर भिजवलेले काबुली चणे, चेस्टनट, आंबट आलूबुखार, केशराचं पाणी, आणि वर मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा तुकडा, गुयरुग.

टेबलावर मडकं, खोल ताटली, रोटी, कच्चा कांदा आणि सुमाकची वाटी येते. सुमाक म्हणजे आंबट, मरून रंगाची भुकटी. आता क्रम असा:

1. रोटीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून खोल ताटलीत पसरा. रोटी कालची असेल तर जास्त चांगली, ताजी लगेच लगदा होते.
2. वर सुमाक भुरभुरा.
3. मडकं रुमालाने धरा, तोंडाशी चमचा आडवा लावा आणि फक्त रस्सा ओता. चणे-मटण मडक्यातच राहू द्या.
4. हे सूपासारखं चमच्याने खा, मध्ये कांद्याचा घास.
5. ताटली रिकामी झाली की मडक्यातलं सगळं तीत उपडं करा. चरबीचा तुकडा आधी काट्याने चेचा आणि मग मटण-चण्यांत मिसळा. पुन्हा सुमाक, आणि रोटीबरोबर खा.

सगळं एकदम ओतलं तर रोटी चण्यांच्या भाराने तळाशी बसते आणि सुमाकचा आंबटपणा कुठेच लागत नाही. दुसऱ्या टप्प्याला उशीर केला तर चरबी थिजते आणि टाळूला चिकटते. ती नको असेल तर गरम असतानाच बाहेर काढून ठेवा. त्यानंतर गार पाणी पीत नाहीत, गरम चहा पितात. इतक्या स्निग्ध जेवणावर तोच बरा वाटतो. आणि पीती दुपारी खावी. रात्री खाल्ली तर झोपेचं खोबरं.

प्लोव: मुख्य मान याचा

प्लोवमध्ये तांदूळ वेगळा शिजतो आणि त्याच्याबरोबरचं मटण, चिकन किंवा सुका मेवा वेगळा. दोन्ही ताटातच एकत्र येतात. त्यामुळे भाताचा दाणा अन् दाणा सुटा राहतो. मध्य आशियात सगळं एकाच कढईत शिजवतात, तो वेगळा पदार्थ आहे. भाताच्या तळाशी अंडं-दही-तांदळाचा किंवा पिठाचा थर लावून खरपूस खापरी करतात, तिला गाझमाग म्हणतात. ती तुकडे करून भाताबरोबर वाढतात. वाढताना ती दिली नाही तर विचारा, कारण प्लोवचा तो सगळ्यात चविष्ट भाग आहे.

मोठ्या जेवणात प्लोव शेवटी येतो, त्यानंतर फक्त चहा आणि गोड. लग्नात त्याच्याबरोबर किंवा त्यानंतर दोवघा देतात, म्हणजे दही, तांदूळ आणि मूठमूठ हिरव्या पाल्याचं आंबटसर सूप. ते पचायला मदत करतं अशी समजूत आहे. घरी जेवायला बोलावलं असेल तर सुरुवातीच्या बशांना हात आवरा. यजमानीणबाईने सकाळपासून ज्याच्यासाठी खपलेलं असतं तो पदार्थ अजून यायचा आहे.

रेस्टॉरंटमध्ये शाह प्लोव मागवायचा असेल तर निदान काही तास आधी, शक्यतो आदल्या दिवशी सांगा. लवाशच्या पातळ पोळ्यांना तूप लावून त्यांच्या पोटात केशरी भात, जर्दाळू, मनुका, चेस्टनट आणि मटण भरून हा अख्खा भाजतात. बाहेरून सोनेरी डब्यासारखा दिसतो आणि टेबलावर कापतात. तो चार-पाच जणांसाठी असतो. दोघांनी मागवला तर अर्धा वाया जाईल.

एक सापळा लक्षात ठेवा. मेनूवर 'सॅब्झी गोवुर्मा प्लोव' दिसला तर तो शाकाहारी नाही. सॅब्झी म्हणजे इथे हिरवा पाला, आणि तो मटणाबरोबर तुपात परतलेला असतो. पदार्थ अप्रतिम आहे, पण मटणाचा.

बाकीचं, थोडक्यात

गुताब म्हणजे पातळ पोळीत सारण भरून अर्धचंद्रासारखी दुमडलेली आणि साजवर, म्हणजे घुमटाकार तव्यावर, कोरडी भाजलेली. भाजून झाल्यावर लोणी फासतात. मटणाच्या गुताबवर सुमाक टाकायचा, हिरव्या पाल्याच्या गुताबबरोबर दही. हाताने खा. नगावर मिळतात, दोन मागवून गरम संपवा आणि मग पुढचे मागवा, निवले की कडा वातड होतात. दुशबॅरॅ हे आप्शेरोन द्वीपकल्पाचं सूप, नखाएवढ्या मोदकांसारख्या मटणाच्या पुड्या त्यात असतात. बरोबर आलेलं लसूण घातलेलं व्हिनेगर आणि सुका पुदिना वगळू नका, त्यांच्याशिवाय ते सपक लागतं. दोल्मा बनवण्याची आणि वाटून खाण्याची परंपरा 2017 मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. द्राक्षाच्या पानांची दोल्मा बोटाच्या पेरापेक्षा फार मोठी नसावी. वांगं, टोमॅटो आणि मिरची यांची मिळून 'तीन बहिणी' म्हणून दोल्मा करतात, ती उन्हाळ्यात, भाज्या भरात असताना मागवा. दोन्हींवर लसणीचं दही.

कबाब सांगितल्यावर भाजतात, वीस-तीस मिनिटं लागतात. ताबडतोब आला तर तो पुन्हा गरम केलेला आहे असं समजा. दर सळईचा आहे की पोर्शनचा, हे आधी विचारा. लॅनकॅरानकडे गेलात तर लॅवॅन्गी खा. कोंबडी किंवा मासा, पोटात कुटलेला अक्रोड, कांदा आणि आलुच्याचा (छोट्या आंबट आलूबुखारासारख्या फळाचा) घट्ट गर भरून तंदुरात भाजलेला. रस्त्याकडेच्या तंदूरवाल्यांकडे तो बहुतेक वेळा रेस्टॉरंटपेक्षा चांगला मिळतो, दुपारपर्यंत गाठावा. खाश हे गाईच्या खुरांचं रात्रभर उकळलेलं सूप, हिवाळ्यात पहाटे खातात.

प्रत्येक जेवणाबरोबर हिरव्या पाल्याची बशी येते: जांभळी तुळस, कोथिंबीर, शेपू, पातीचा कांदा, तारखून (टॅरॅगॉन). ही सजावट नाही. कबाबच्या घासाबरोबर पानं तोंडात टाकायची असतात.

मांस न खाणाऱ्यांसाठी, आणि गोमांस टाळणाऱ्यांसाठी

डुकराचं मांस सहसा नसतंच. गोमांस मात्र असतं, आणि खिम्याच्या पदार्थांत ते मटणात मिसळलेलंही असू शकतं. विचारायचं ते असं: 'माल ॲती' म्हणजे गोमांस, 'गोयुन ॲती' म्हणजे मेंढीचं मटण, 'तोयुग' म्हणजे चिकन. शाकाहारी माणसाने म्हणायचं: 'मॅन ॲत येमिरॅम', मी मांस खात नाही. आणि लगेच पुढे: 'इचिन्दॅ ॲत वार?', म्हणजे यात मांस आहे का? पहिलं वाक्य एकटं पुरत नाही. मांसाचे तुकडे नाहीत म्हणजे पदार्थ शाकाहारी, असं अनेकांना प्रामाणिकपणे वाटतं. मांसाच्या पाण्यात केलेलं मसुराचं सूप त्यांच्या लेखी भाजीचंच.

बिनघोर मागवता येण्यासारखं: पाल्याचा गुताब, काकडी-टोमॅटोचं चोबान सॅलड, मांगाल सालाती (निखाऱ्यावर भाजलेली वांगी, टोमॅटो, मिरच्या सोलून चिरलेल्या), चीज, रोटी. अंडं चालत असेल तर पाल्याचं जाड ऑम्लेट, क्युक्यू, आणि फरसबी-अंड्याची परतलेली भाजी. दोवघा बहुतेक ठिकाणी शाकाहारी असते, पण काही भागांत त्यात खिम्याच्या बारीक गोळ्या टाकतात. भोपळ्याच्या गुताबबद्दलही विचारा. बटाट्याच्या कबाबला निर्धास्त होकार देऊ नका: सळईवर बटाट्याच्या दोन चकत्यांमध्ये चरबीचा तुकडा ओवण्याची पद्धत आहे. सुका मेवा घातलेला शिरिन प्लोव तुपात होतो आणि बिनमांसाचा करून मिळू शकतो, फक्त आधी सांगावं लागतं.

नळाचं पाणी पिऊ नका. बाटली मागताना 'गाझसिझ सू' म्हणा, नाहीतर बुडबुड्यांचं पाणी येईल. सिराब आणि बादामली ही नाखचिवानची खनिज पाण्याची नावं दुकानांत सगळीकडे दिसतात.

घरचं आमंत्रण

बूट दाराशी काढायचे. हातात मिठाईचा डबा किंवा फुलं, फुलं विषम संख्येत, सम संख्या शोकप्रसंगाची. वाढलेलं एकदम संपवलं तर ताट पुन्हा भरेल, म्हणून शेवटचे दोन घास सावकाश. चहा पुरे झाला की पेल्यावर हात ठेवून 'साघ ओलुन, बॅसदिर' म्हणा. दोनदा म्हणावं लागतं. पहिला नकार सगळीकडे संकोच म्हणून धरला जातो. 20-21 मार्चच्या नोवरूझला गेलात तर पाखलावा, शॅकॅरबुरा आणि खारी गोघाल यांचं ताट प्रत्येक घरी पुढे येईल. प्रत्येकातला एकेक तुकडा तरी घ्या.

तसाच चहा परतल्यावर करायचा असेल

चार-पाच माणसांसाठी अर्धा लिटरची चिनी मातीची किटली घ्या. उकळतं पाणी घालून विसळा, म्हणजे ती तापते. मोठ्या पानांचा काळा चहा चार चमचे, साधारण 8 ते 10 ग्रॅम. बारीक भुकटी नको, ती दोन मिनिटांत कडू होते. नुकतं उकळी फुटलेलं पाणी आधी अर्ध्यापर्यंत ओता, दोन मिनिटं झाकून ठेवा, मग किटली भरा. आता दम. पूर्वी किटली समोवारच्या, म्हणजे पाणी उकळण्याच्या धातूच्या उंच भांड्याच्या, डोक्यावर ठेवत. आता उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवली तरी चालते, 8 ते 10 मिनिटं. किटली थेट आचेवर ठेवू नका. आतला चहा एकदा उकळला की सुगंध उडतो, कडवटपणा तेवढा उरतो, आणि मग पाणी घालून तो सुधारत नाही, फक्त पातळ होतो.

पेला गरम पाण्याने खंगाळा. एक तृतीयांश किटलीतला अर्क, बाकी उकळतं पाणी, वर बोटभर जागा. रंग लालसर तपकिरी आणि प्रकाशात पारदर्शक दिसला पाहिजे. गढूळ दिसला तर पाणी जड आहे किंवा अर्क उकळला आहे. लिंबाची चकती ओतल्यानंतर टाका. रंग लगेच फिका पडतो, ते आंबटामुळे, चहा कमी पडला म्हणून नव्हे. डोंगरी ओव्याचं (तिकडे कॅक्लिकोतू म्हणतात) एकच छोटं डहाळं चहाच्या पानांबरोबर किटलीत घातलं तर पुरे. दोन घातली की काढ्याची चव येते. तासाभरापूर्वीच्या अर्कात पाणी वाढवत बसू नका, नवा करा.

बाजारातून काय आणायचं

बाकूच्या ताझा बाजारात आणि याशिल बाजारात चव घेऊन खरेदी करता येते, विक्रेते स्वतःच चमचा पुढे करतात. मुरांब्याची बाटली उजेडात धरा: पाक स्वच्छ हवा, फळं अख्खी हवीत, तळाशी साखरेचे खडे जमलेले नकोत. केशर आप्शेरोनचं मागा आणि स्वस्त ढीग टाळा, ती बहुधा करडईच्या फुलांची पाकळी असते. खऱ्या केशराची काडी एका टोकाला रुंदावलेली असते, आणि कोमट पाण्यात टाकल्यावर पाणी हळूहळू पिवळं होतं, काडी लालच राहते. नकली लगेच रंग सोडते आणि स्वतः फिकी पडते. डाळिंबं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ग्योयचायची सर्वांत नावाजलेली.

शेकीचा हलवा म्हणजे तांदळाच्या पिठाच्या जाळीदार पदरांमध्ये हेझलनट, वेलची आणि धणे भरून पाकात मुरवलेली मिठाई, वर केशराच्या रेघा. पाक झिरपतो, म्हणून तो शेवटच्या दिवशी घ्या, डबा आडवा होऊ देऊ नका आणि दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधा. फ्रीजमध्ये ठेवला तर जाळी कडक होते. बाहेर काही दिवस चांगला राहतो. मुरांबे विमानाच्या हातातल्या बॅगेत चालत नाहीत, 100 मिलिलिटरचा नियम त्यांनाही लागू होतो. कॅव्हियार घेणार असाल तर अधिकृत दुकानातून, सीलबंद आणि लेबल असलेला. आंतरराष्ट्रीय नियमानुसार परवान्याशिवाय माणशी 125 ग्रॅमपर्यंतच नेता येतो. आरमुदू पेले सहाच्या संचात मिळतात. कमरेशी काच पातळ असते आणि प्रवासात तिथेच तडकते, म्हणून प्रत्येक पेल्याच्या कमरेभोवती मोजा गुंडाळा आणि आतही कागद कोंबा. चामड्याच्या बुटात एकेक पेला बसतो, बॅगेत त्याहून सुरक्षित जागा नाही.